ओंकारची होस्टेलवरची दिवाळी

कोल्हापूर

प्रिय विजू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आज मात्र बसलोच, कारण ओंकार घरी येऊन सांगून गेला, "काका, दिवाळीत मी होस्टेलवरच राहतो. आईबाबांना तुम्ही सांगा." इकडे सगळे बरे, माझी शुगर आटोक्यात.

आधी गाडीचं, कारण तू तेच विचारणार. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं आणि दिवाळीतली महाराष्ट्र एक्सप्रेस बघता बघता भरते. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं १० ला, स्लीपरचं ११ ला. ते मिळालंच तरी परतीचं काय? वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत बसता येत नाही. सुट्टी पाच दिवसांची, वर्ध्याला उतरून पुढं चंद्रपूर, म्हणजे निम्मी दिवाळी डब्यातच. वर लगेच प्रॅक्टिकल. पोरगं बरोबर बोलतंय, त्याला घालूनपाडून बोलू नकोस.

आमच्याकडे ये म्हटलं, तर नको म्हणाला. वहिनीला सांग, आग्रह करू नका. दुसऱ्याच्या घरी ओवाळणी चाललेली असताना कोपऱ्यात बसणं खोलीत एकटं बसण्यापेक्षा जड जातं. पाडव्याचं जेवण तेवढं आमच्याकडे, हे मी कबूल करून घेतलंय.

माझी काळजी वेगळीच आहे, खानावळीची. धनत्रयोदशीच्या सुमारास खानावळी एकेक बंद होतात, भाऊबीज झाल्यावर उघडतात. आचारी, भांडीवाल्या मावशी आपापल्या गावी जातात, पाच-सात पोरांसाठी तवा तापवणं कुणाला परवडत नाही. पोट कसंही भरतं रे, पण पोरांच्या दिवसाला घड्याळ असतं ते खानावळीचं. ती बंद झाली की अकराला उठायचं, चिवड्यावर दुपार काढायची, चारला झोपायचं. सातला जाग येते तेव्हा बाहेर फटाके, खोलीत अंधार, आणि नेमका तेव्हाच घरचा व्हिडिओ कॉल! डोळे भरतात ते तिथं. लक्ष्मीपूजन निभतं, त्या दिवशी उत्साह असतो. जड जातो तो पाडवा आणि भाऊबीज. म्हणून कॉल सकाळी करा, त्याची आंघोळ झाल्यावर. आणि दुपारी एक, रात्री आठ, या दोन वेळा त्यानं काही झालं तरी पाळायच्या.

होस्टेलवर शेगडी चालत नाही, केटल चालते. पण त्यात खिचडी लावू नको म्हणावं. डाळीचा फेस उतू जाऊन खालच्या कनेक्शनमध्ये उतरतो, तळाला भात धरतो आणि केटल मध्येच बंद पडते. अंडी मात्र छान होतात: चार अंडी, वर बोटभर पाणी, उकळी येऊन केटल बंद झाली की झाकण न उघडता १५ मिनिटं तशीच ठेवायची. वहिनीनं बारीक रवा खमंग भाजून, त्यातच फोडणी आणि मीठ घालून पाठवावा. वाटीभर रव्याला दोन वाट्या उकळतं पाणी, डबा घट्ट झाकून दहा मिनिटं, की उपमा तयार. पातळ पोहे, कांदा, लिंबू, दाण्याचं कूट असलं की दडपे पोहे, त्याला केटलही नको.

फराळात शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू पाठवा. ओल्या नारळाची करंजी नको, वाटेतच आंबते. लाडू पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की बुरशी येते. चकली वेगळ्या डब्यात, कागद दाबून, हलायला जागा ठेवायची नाही. (चकलीवरून आठवलं, तुझ्याकडे माझ्या सात चकल्या निघतात, विसरलो नाही!)

अभ्यंगस्नानाची चिंता नको. होस्टेल रिकामं असलं की सोलरचं पाणी वापरायला कुणी नसतं, पहाटेही टाकीत गरम असतं. नळातून पहिली बादली गार येते, ती नळीत साठलेली. ती भरून बाजूला ठेवायची. तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की तेल कोमट होतं.

आपलं जुनं भांडण आठवतं? तू म्हणायचास दार लावून घे, अभ्यास होतो. मी म्हणायचो उघडं ठेव. अजूनही तेच म्हणतो, विजू. दार उघडं असलं की वॉचमन डोकावतो, वरच्या मजल्यावर राहिलेलं एखादं नांदेडचं पोरगं चहाला हाक मारतं. दार रात्री लावायचं. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग काढलं तेव्हापासून या गावात लांबची पोरं राहतायत, त्यांच्याकडे गाव परक्यासारखं बघत नाही. पाडव्याला गवळी शिंगं रंगवून म्हशी पळवतात, ते त्यानं बघायलाच हवं. जाता जाता गंगावेशीत धारोष्ण दूध.

दवाखाने दोन दिवस बंद असतात, म्हणून तापाच्या गोळ्या आणि ओआरएस आधीच घेऊन ठेवायला सांगितलंय. सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, चोवीस तास उघडं असतं, रुग्णवाहिकेसाठी १०८. मन फारच खचलं तर १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर रात्री कधीही मराठीत बोलता येतं, हा नंबर मी त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनीची शाळा, अण्णांचा मोतीबिंदू? कळव.

पार्सल वसुबारसेच्या चार दिवस आधी पोचेल असं टाक, आणि माझ्या घरच्या पत्त्यावर. होस्टेलचं ऑफिस बंद झालं की पार्सल घ्यायला तिथं कुणी नसतं.

तुझा,
बाळ्या