केमोनंतरचा दहावा दिवस

मुंबई

प्रिय सुनंदा,

तुमच्या रुग्णालयात केमोथेरपीचा डे-केअर कक्ष सुरू होत आहे आणि रुग्णांना घरी घ्यायची काळजी समजावण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, हे वाचून फार समाधान वाटले. सुरुवात कशापासून करावी, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर एकच आहे: तापापासून.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका मावशींना दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी ताप आला. घरच्यांनी पॅरासिटामॉल दिले, ताप उतरला, पुन्हा चढला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना आणले तेव्हा त्या गुंगीत होत्या. त्या वाचल्या, पण मी दिलेले माहितीपत्रक त्यांच्या पिशवीत घडीसुद्धा न मोडता तसेच होते, हे मी विसरू शकत नाही.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्या काळात 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला, तरी त्याच क्षणी, मध्यरात्र असली तरी, रुग्णालय गाठायचे असते. पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग तसाच वाढत राहतो. आता पहिल्या भेटीत मी एवढेच सांगते आणि मग विचारते, "मावशी, रात्री दोन वाजता अंग तापले तर काय कराल?" उत्तर त्यांच्या तोंडून आल्याशिवाय मी पुढे जात नाही. हाच प्रश्न सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलालाही विचारते, कारण रात्री थर्मामीटर बहुधा तेच लावणार असतात.

बाकीचे पुढच्या भेटींत थोडे थोडे सांगावे. अन्न ताजे व शिजवलेले, पाणी उकळलेले, बाहेरची चिरलेली फळे नकोत. तोंड आल्यास मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, ब्रश मऊ असावा. आपल्याकडच्या कित्येक बायका दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. न रागावता विचार. घरी चाललेल्या काढ्यांबद्दलही तसेच, कारण एकदा ओरडा बसला की त्या पुढे सगळेच लपवतात. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, हे आधीच सांग. नाहीतर रक्त जाते आहे असे वाटून घरभर घबराट होते.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. पत्रकावर जो फोन क्रमांक छापशील, तो रात्री कोण उचलणार, हे डॉक्टरांशी बोलून आधी ठरवून घे आणि मगच पत्रक छापायला दे.

तुझीच,
मीना