शिबिरात बायकांची कंबर कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बायकांच्या आरोग्य शिबिरांत वजनकाटा असतो, बीपीचं मशीन असतं, बोटाला टोचून शुगर बघतात, पण कंबर मोजायची साधी टेप कुठे दिसत नाही. आमच्या सोसायटीतल्या शिबिरात मी विचारलं तर म्हणाले, ताई तुमचं वजन नॉर्मल आहे, काळजी नको. अहो पण वजन नॉर्मल आणि पोट सुटलेलं, हाच तर आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम आहे! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे किती वर्षं सांगतायत. २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण अंगातली चरबी त्या डॉक्टरांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१.

मांड्यांवरची चरबी फारशी नडत नाही हो, पण तीच पोटात आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठली की शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, सगळंच वाढायला लागतं आणि भार हार्टवर येतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं आणि चरबी पोटाकडे जायला लागते, म्हणजे पन्नाशीत जास्त लक्ष हवं, पण नेमकं तेव्हाच सगळे म्हणतात वयाप्रमाणे सुटतंच पोट.

भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा आहे ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला कंबर मोजली तेव्हा १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या जवळपास ४० जणींचं पोट सुटलेलं निघालं, पुरुषांत १२. पुरुषांना निदान पँटचं बटण लागेना की कळतं, आपण परकराची नाडी जरा सैल बांधतो नाहीतर लेगिंगचं इलास्टिक ताणतं, वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही.

मोजायचं पण नाडी बांधतो तिथे नाही, उभं राहून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

महापालिका असो की मंडळं, जे कोणी शिबिर घेतात त्यांनी कार्डावर वजनाशेजारी कंबरेचा एक रकाना वाढवावा आणि माप घ्यायला बाईच ठेवावी, नाहीतर आमच्या बायका लाजून टेप लावूच देणार नाहीत.

आपली,
एक वाचक, चिंचवड