ईव्ह म्युअरहेडचा तो चुकलेला शॉट

संपादक साहेब,

तुमच्या क्रीडा पानावर कर्लिंग (बर्फावर दगड सरकवून आखलेल्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचे आणि त्यांच्यापुढे झाडू मारत जायचं, तो खेळ) येतं ते चार वर्षांतून एकदा, आणि आलं की झाडूचा विनोद ठरलेलाच. ते एकवेळ चालवून घेतलं असतं, पण स्कॉटलंडच्या ईव्ह म्युअरहेडबद्दल जी दोन कॉलमची स्टोरी आली त्यात २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकला तिने "प्रेशरखाली मेडल घालवलं" आणि मग २०२२ ला "भरपाई केली" असं सरळ लिहून टाकलंय. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

२०१८ ची प्योंगचँगची ब्राँझची मॅच, दहावा म्हणजे शेवटचा एंड (दोन्ही टीमचे सगळे दगड टाकून झाले की एक एंड, म्हणजे एक डाव), जपान ४-३ ने पुढे आणि शेवटचा दगड ईव्हच्या हातात. तिच्यापुढे दोन रस्ते होते, सेफ खेळून एक पॉइंट घ्यायचा आणि मॅच एक्स्ट्रा एंडमध्ये न्यायची, नाहीतर अवघड शॉट मारून दोन घ्यायचे आणि तिथेच जिंकायचं. आता सेफ म्हणजे शहाणपणाचं असं आपल्याला बाहेरून वाटतं, पण कर्लिंगमध्ये ज्याने पॉइंट घेतला त्याच्याकडून पुढच्या एंडचा शेवटचा दगड जातो, म्हणजे एक्स्ट्रा एंडमध्ये तो फायदा जपानला मिळाला असता. म्हणून तिने दोनचा शॉट घेतला, तो बसला नाही, मॅच ५-३ ने गेली. शॉट चुकला हे खरं, निर्णय चुकला नव्हता! स्किपचं, म्हणजे कॅप्टनचं, काम हेच तर असतं, स्वतः दगड टाकायचा ते आहेच पण कुठला टाकायचा हे ठरवायचं आणि मग जगासमोर त्याचं ओझंही स्वतःच घ्यायचं.

आणि प्रेशरचं म्हणाल तर २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध ब्राँझ मिळालं ते हिच्याच शेवटच्या दगडावर, ६-५. त्याचा तुमच्या स्टोरीत उल्लेखच नाही. १९ व्या वर्षी, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला, ही ब्रिटनची स्किप होती (ऑलिंपिकला स्कॉटलंडचे खेळाडू ब्रिटनकडून उतरतात), तोवर तीन ज्युनिअर वर्ल्ड टायटल झालेली, चौथं २०११ ला आलं, २०१३ ला रिगामध्ये सीनिअर वर्ल्ड चॅम्पियन. वडील गॉर्डन हेही वर्ल्ड लेव्हलचे कर्लर, त्यामुळे खेळ घरातच होता म्हणा, पण वीस किलोच्या आसपासचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावर घासत येऊन सोडायचा हे शरीर किती वर्षं सहन करणार, २०१८ च्या त्या मॅचनंतर थोड्याच महिन्यांत हिपचं ऑपरेशन झालं.

"भरपाई" ही तर मला अजिबात पटत नाही. २०२१ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये टीम आठवी आली, ऑलिंपिकचं तिकीट हुकलं, टीमच नव्याने बांधावी लागली आणि डिसेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये क्वालिफायर खेळून शेवटच्या क्षणी एंट्री मिळाली. त्या टीममधली व्हिकी राइट नर्स आहे, कोविडच्या काळात ती परत वॉर्डात ड्यूटी करत होती. २०२२ ला बीजिंग ऑलिंपिकलाही सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही, लीगमध्ये ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघंही ५ विजय ४ पराभव. मग काय, प्रत्येक मॅचआधी पहिल्या एंडचा शेवटचा दगड कोणाचा हे ठरवायला जे दगड टाकतात ते मधल्या बिंदूपासून किती लांब थांबले त्याची सरासरी काढली आणि त्यावर कॅनडा बाहेर. म्हणजे ज्या दगडांकडे टीव्हीवाले बघतही नाहीत त्यांनी हिला सेमीफायनलला नेलं. तिथे स्वीडनने पहिल्याच एंडला चार पॉइंट घेतले, बहुतेकांनी तिथेच टीव्ही बंद केला असेल, आणि शेवटी ब्रिटन एक्स्ट्रा एंडमध्ये १२-११. फायनल त्या मानाने सोपी, जपानला १०-३, त्यातले चार सातव्या एंडला.

यात २०१८ चं कर्ज कुठे फिटलं? ही तीच खेळाडू, तसेच रिस्की निर्णय घेणारी, या वेळी शॉट बसले एवढंच. ऑगस्ट २०२२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिने रिटायरमेंट घेतली, त्याच वर्षी मिक्स्ड डबल्सचं वर्ल्ड टायटलही घेतलं होतं, तेही तुमच्याकडे नाही.

(ती बॅगपाइप वाजवते हे मात्र आवर्जून छापलंय, असो.)

एक विनंती, पुढच्या वेळी कर्लिंगचा निकाल देताना स्कोअरबरोबर शेवटचा दगड कोणाकडे होता तेवढी एक ओळ टाका, नुसतं ५-३ वाचून त्या मॅचमध्ये काय झालं ते कोणालाच कळणार नाही.

तुमचा एक जुना वाचक