सबवूफर विकत घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा तू गाडीत बसून फोनवर गाणं ऐकवलंस. फोनवरून बास, म्हणजे गाण्यातले खालचे सूर, काही पोचत नाही, पण तुझ्या सबवूफरची (ते सूर काढणाऱ्या स्पीकरची) ती फरफर मात्र स्वच्छ पोचली. तोच आवाज माझ्या जुन्या एसयूव्हीत मी दोन वर्षं ऐकलाय, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. शेवटी तू म्हणालास, "चांगला मोठ्या वॅटचा सबवूफर आणून बसवतो, झालं." तेव्हापासून मनाला चैन नाही. म्हटलं, बोलण्यात अर्धं राहून जाईल, लिहूनच टाकावं.

आधी जुना सबवूफर उघडून बघ. तुझ्या गाडीतही तो डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे असेल. बॅटरीची निगेटिव्ह तार काढ आणि काही मिनिटं थांब, कारण त्या भागातून छताजवळच्या एअरबॅगच्या वायरी जाऊ शकतात. पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हातसुद्धा लावू नकोस. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, तेव्हा स्क्रूड्रायव्हर खुपसण्यापेक्षा प्लॅस्टिकची पट्टी घे आणि क्लिपेच्या अगदी जवळून उचल.

मग कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची रिंग बघ. माझी फोमची होती, बोट लावलं तर चिकट भुगा हातात आला. उन्हात तापणारी गाडी आणि हवेतला दमटपणा, यांनी हा फोम वर्षानुवर्षं आतून कुजत जातो. रबराची कड खूप जास्त टिकते. आता चार बोटांनी कोन सगळीकडून सारख्याच जोरानं आत दाब. काही न घासता गेला तर कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) शाबूत आहे, आणि मग नुसती नवी रिंग चिकटवूनही तो स्पीकर पुन्हा उभा राहतो. मला ते फार आवडलं असतं. पण माझी कॉइल खरखरत होती, इलाज नव्हता.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहितोय. कंपनीचा सबवूफर एकटा नसतो. त्याला पॉवर देणारा अॅम्प आणि तो ज्यात बसतो तो बॉक्स त्याच्याच मापानं बेतलेले असतात. मी हे लक्षात न घेता चार ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) नवा आणला. बसवला, आणि बास आधीपेक्षा कमी! जुना दोन ओहमचा होता. अॅम्प देतो ते व्होल्टेज तेवढंच. ओहम दुप्पट झाले की करंट निम्मा, पॉवरही निम्मी. म्हणजे आवाजाचे ३ डेसिबल तिथेच गेले. उलट ओहम कमी पडले तर अॅम्प तापतो, बंद पडतो किंवा जळतो. ते जास्त वाईट.

म्हणून कनेक्टर काढून जुन्या सबवूफरला मल्टिमीटर (ओहम मोजायचा मीटर) लाव. मीटरची दोन्ही टोकं आधी एकमेकांना टेकवून मीटर काय दाखवतो ते बघ आणि तेवढं वजा कर, कारण इथे ०.३ ओहमचाही फरक पडतो. दोन ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण १.६ ते १.८ दाखवतो, चार ओहमचा ३.२ ते ३.७. सबवूफरला चार वायरी येत असतील तर तिथे थांबायचं. आत बहुधा दोन कॉइल असतील आणि अॅम्प प्रत्येकीला वेगळी वाट देत असेल. त्या वायरी आपल्या मनानं एकत्र जोडल्यास तर अॅम्प गेलाच समज.

बॉक्सचंही तेच. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोन अभियंत्यांनी स्पीकर आणि बॉक्स यांचं नातं गणितात मांडून ठेवलंय. नव्या सबवूफरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे असतात ते त्यांचेच. २५ लिटर हवा मागणारा सबवूफर १० लिटरच्या बॉक्समध्ये कोंबलास तर तो एकाच सुरावर घुमत राहतो, खालचे सूर येतच नाहीत. बॉक्स किती लिटरचा आहे हे कळायला त्यात थर्माकोलचे दाणे भरून ते बादलीत मोजले, तर पुरेसा अंदाज येतो. बॉक्स आत किती खोल आहे तेही मोज. सबवूफरच्या चुंबकाच्या मागे भोक असेल तर त्याला श्वास घ्यायला थोडी जागा हवी. पॅनेलमागच्या अशा अरुंद जागेत बहुधा उथळ बांधणीचे सबवूफरच बसतात.

वॅटच्या मागे तर लागूच नकोस. कंपनीचाच अॅम्प ठेवायचा असेल तर ५०० वॅट झेलणारा सबवूफर काय कामाचा? तो झेलेल, पण देणार कोण? सेन्सिटिव्हिटी बघ, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठा वाजतो ते. ती ३ डेसिबलनं जास्त असली की अॅम्प दुप्पट केल्यासारखं आहे. आणि आवाज वाढवत नेला की बास आपोआप आवरता घ्यायचा, अशी सोय कंपनीच्या बऱ्याच अॅम्पमध्ये असते. सबवूफर बदलल्यानं ती जात नाही.

जुना काढून टाकण्याआधी त्याचा कनेक्टर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. कोन बाहेर आला की सेलच्या प्लसकडची वायर ती प्लस. तिला टेप गुंडाळून ठेव. वायरीच्या रंगावर जाऊ नकोस. उलटं जोडलं तर सबवूफर चालतो, पण दारातल्या स्पीकरांशी भांडत राहतो आणि बास हरवतो. बसवताना कडेखाली फोमची पट्टी घाल, हवा गळता कामा नये. पॅनेल खडखडू नये म्हणून त्याच्या मागे फेल्टची टेप लावायला मी विसरलो होतो, त्यामुळे सगळं परत उघडावं लागलं.

दुसऱ्या खेपेला दोन ओहमचा, आठ इंची, उथळ असा घेतला. ज्या गाण्याचा खालचा सूर मी विसरलोच होतो, तो त्या संध्याकाळी बंद गाडीत पाठीला जाणवला. इंजिन बंद करूनही मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तर या रविवारी पॅनेल उघड आणि मला तीन गोष्टी कळव: मीटरवरचा आकडा, वायरी दोन की चार, आणि कडेपासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली. तोवर काहीही विकत घेऊ नकोस. बसवायला मी येतो.

तुझाच,
जुना मित्र