आई-बाबांना पत्र : हलका व्हॅक्यूम क्लीनर घेण्याआधी

पुणे
आश्विन शुद्ध पंचमी

तीर्थरूप आई-बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी हिंगणघाटच्या दुकानातून पाठवलेला व्हॅक्यूम क्लीनरचा फोटो मिळाला. खोक्यावर वॅटचा आकडा ठळक छापलेला आहे आणि बाबांचा कल त्या आकड्याकडे आहे, हे त्यांच्या बोलण्यावरून लक्षात आले. फोनवर हा विषय काढला की आई मध्येच सोयाबीनच्या भावावर जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, वॅटच्या आकड्यावरून मोटर किती वीज घेते एवढेच कळते; यंत्र कचरा किती ओढते ते त्यातून कळत नाही. विहिरीवरच्या पंपाची पाटी वाचून पाटात किती पाणी पडेल हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. युरोपीय संघाने वायरवर चालणाऱ्या घरगुती यंत्रांना २०१४ साली १६०० वॅटची आणि २०१७ साली ९०० वॅटची मर्यादा घातली, आणि तरीही चांगली यंत्रे तितकेच स्वच्छ काम करत राहिली. काही खोक्यांवर पास्कलमध्ये दाब लिहिलेला असतो, पण तो नळीचे तोंड पूर्ण बंद करून मोजतात, म्हणजे त्या वेळी हवा वाहतच नसते. दाब आणि हवेचा प्रवाह या दोहोंवरून काढलेला ‘एअर वॅट’चा आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा असतो, तो दिलेला नसेल, तर डोळ्यांदेखत चाचणी घेणे उत्तम.

चाचणी दुकानातच घेता येते. घरून मूठभर रवा, थोडी तुरीची डाळ आणि सोयाबीनचे चिमूटभर कुटार पुडीत बांधून न्यावे आणि फरशीवर, विशेषतः दोन फरश्यांच्या सांध्यावर टाकून यंत्र एकदाच पुढे न्यायला सांगावे. तोंडाची पुढची कड जमिनीला टेकलेली असेल, तर रवा आत जातो आणि डाळ मात्र पुढे पुढे ढकलली जाते. ताठ केसांचा ब्रश असेल, तर तोच डाळ मागे भिरकावतो. आपल्या ओसरीतल्या शहाबादी फरशीसाठी मऊ कापडी रोलर हवा, तो दाणाही उचलतो आणि धूळही. गालिच्यासाठी म्हणून दिलेले जास्तीचे तोंड आपल्या काही कामाचे नाही, त्यासाठी वाढीव पैसे देऊ नयेत.

आता आईच्या मनगटाविषयी. हलके यंत्र म्हणजे नेमके कुठे हलके, हे पाहावे लागते. दांड्याच्या बिनवायरी यंत्राचे वजन साधारण अडीच-तीन किलो असते, पण मोटर, बॅटरी आणि धुळीचा डबा हे सगळे मुठीजवळ असल्यामुळे भार मनगटावरच येतो. जाळे काढायला तेच यंत्र वर उचलले, की दोन मिनिटांत हात भरून येतो. मोटर खाली, तोंडाजवळ असलेले यंत्र वजनकाट्यावर जड भरले तरी हाताला सोपे जाते, मात्र ते पलंगाखाली शिरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बटण. काही यंत्रांत बंदुकीच्या घोड्यासारखा खटका सतत दाबून धरावा लागतो, आणि सकाळी बोटे आखडणाऱ्या माणसासाठी तशी यंत्रे मी सरळ बाद समजते. एकदा दाबले की चालू राहणारेच घ्यावे.

बाबांच्या दम्यामुळे फिल्टरची बाब सर्वांत मोठी आहे. हे यंत्र सुटसुटीत करून घरोघरी पोचण्याजोगे बनवणारा जेम्स स्पँगलर हा अमेरिकेत ओहायोमध्ये झाडलोटीचे काम करणारा, दमा असलेला माणूस होता. त्याला १९०८ साली पेटंट मिळाले. झाडताना उडणाऱ्या धुळीचा त्रास त्याला बाबांइतकाच ठाऊक असणार. खऱ्या हेपा फिल्टरने, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरने, ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवावेत, अशी अपेक्षा असते. ‘हेपासारखा’ असे लिहिलेले असेल, तर तो हेपा समजू नये. शिवाय फिल्टर चांगला असूनही त्याच्याभोवतीचे रबर सैल असेल, तर धूळ फटीतून बाहेर येतेच. सकाळी देवघराच्या खिडकीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यात यंत्राची हवा सोडून पाहावी. कण नाचताना दिसले, तर ते यंत्र बाबांसाठी नाही.

देखभाल अवघड नाही, पण ती टाळली की यंत्र महिन्याभरातच नुसता आवाज करू लागते. डब्यावरच्या खुणेपर्यंत धूळ येण्याआधी तो रिकामा करावा, आणि हे काम आईने अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. बाबांनी त्या वेळी जवळ थांबू नये. धुता येणारा फिल्टर असेल, तर तो साबण न लावता साध्या पाण्याने धुऊन सावलीत किमान २४ तास वाळवावा, पावसाळ्यात दोन दिवस. ओलसर फिल्टर बसवला की आधी कुबट वास सुटतो आणि पुढे मोटर जाते. म्हणून पहिल्याच दिवशी दुसरा फिल्टर घेऊन ठेवावा. बोअरच्या पाण्यातले क्षार जाळीत बसतात, तेव्हा शेवटची खळखळ पिण्याच्या पाण्याने करावी. आपल्याकडे कापूस घरात भरलेला असतो. त्याचे तंतू आणि आईचे केस रोलरच्या दोन्ही टोकांना असे करकचून गुंडाळले जातात, की रोलर फिरायचाच थांबतो. शिवणकामाच्या उसवणीने ते कापून काढावेत.

रांगोळी, गुलाल, सिमेंट आणि पीठ यंत्राने ओढू नये, बारीक भुकटीने फिल्टर गच्च होतो. चुलीची राख तर मुळीच नको, आत एखादा निखारा जिवंत असला तर डबा पेटेल. सांडलेले पाणीही नाही. अंगण आणि सारवलेली पडवी फड्यानेच झाडावी.

बॅटरीबद्दल मला आपल्या उन्हाळ्याची चिंता वाटते. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये, असे साधारणपणे सांगितले जाते. आपल्या पडवीतली पश्चिमेची भिंत मे महिन्यात त्याच्याही पुढे जात असेल. चार्जर आतल्या खोलीत लावावा आणि उन्हाळ्यात पहाटे चार्ज करावे. जाहिरातीतली ४०-६० मिनिटे ही सर्वांत मंद वेगावरची असतात. पूर्ण जोरावर बहुतेक यंत्रे १० मिनिटांच्या आसपास थांबतात. वायरवाल्या यंत्रात ही अडचण नाही, पण आपल्याकडे सकाळी झाडण्याच्या वेळीच वीज जाते आणि ओसरीभर पसरलेल्या वायरीत बाबांचा पाय अडकण्याची भीती मला जास्त वाटते. म्हणून माझा कौल बिनवायरीलाच आहे, मात्र बॅटरी हाताने काढून बदलता येणारी हवी. तुम्ही माझ्याकडे मुक्कामाला याल, तेव्हा ती अर्धी चार्ज ठेवून, काढून आतल्या कपाटात ठेवावी.

तेव्हा बाबांनी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत : सुटी बॅटरी आणि सुटा फिल्टर केवढ्याला मिळतो, आणि तो वर्ध्यात मिळतो की नागपूरहून मागवावा लागतो. उत्तर मला कळवावे. पैसे मी पाठवते, सोयाबीनच्या पैशाला हात लावू नये.

तुमची,
धाकटी