चाचा, तो पक्षी तुम्ही सोडवलात

चाचा, सलाम.

पत्र मराठीत लिहितोय. तिकडे तमिळनाडूत, कोडियाकराईला, कोणीतरी ते तुम्हाला हिंदी करून ऐकवेल. मी स्वतः हिंदीत लिहायला बसलो की त्याचा सरकारी अर्ज होतो, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

जानेवारीतली अमावस्येची रात्र आठवते? पक्षी धरून, पायात ओळखीची कडी घालून सोडायचे होते. चांदण्यात त्यांना जाळं दिसतं, म्हणून तुम्ही महिनाभर त्या रात्रीची वाट बघत होतात. वेदारण्यमच्या दलदलीत गुडघाभर चिखल, बांबूंना ताणलेली मिस्ट नेट आणि मी पहिल्यांदाच एकटा जाळ्यावर. धप्प आवाज आला म्हणून धावलो. पक्षी जाळ्याच्या झोळीत उलटा लोंबत होता, पायाला तीन वेढे, एक धागा पंखाखाली. मी त्याचं अंग धरून ओढायला लागलो. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरलंत. ‘पहले पैर।’ एवढंच. मग त्याच अंधारात पक्षी कुठल्या बाजूने आत शिरला ते बोटांनी चाचपलंत, पाय मोकळे केलेत, मग पंख, मग डोकं. शेवटी चोच किंचित उघडून जिभेवर धागा अडकलाय का तेही पाहिलंत. ते मला पुस्तकात वाचूनही सुचलं नव्हतं. सगळं मिळून दोन मिनिटं गेली असतील.

मी तोवर वहीत ‘ग्रे प्लोव्हर’ असं लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही पक्षी तळहातावर तोलून म्हणालात, ‘चोंच देखो बाबू।’ टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर लांब चोच, टोकाला जराशी झुकलेली. ग्रेट नॉट! सैबेरियाच्या ईशान्येकडच्या डोंगरांत घरटी करणारा, आपल्या किनाऱ्यावर मोजकाच येणारा. यातले बहुतेक पक्षी पिवळ्या समुद्राच्या काठाने ऑस्ट्रेलियाला जातात. दक्षिण कोरियातल्या सेमांगमची 33 किलोमीटर लांब समुद्रभिंत 2006 मध्ये पूर्ण झाली, त्यांचा वाटेत थांबून खायचा चिखल गेला आणि हजारो पक्षी पुन्हा दिसलेच नाहीत. 2015 पासून ही जात संकटग्रस्तांच्या यादीत आहे. आणि मी त्यातल्याच एकाचा पाय जवळजवळ मोडला होता.

पुढचं काम तंबूत. कापडी पिशवीत वजन, पंखाची लांबी, पिसांची झीज. पायात कडी घातली ती मी, पण ती नीट गोल मिटली आहे का, सहज फिरते का, सांध्यावर चढत नाही ना, हे तुम्ही नखाने फिरवून बघितलंत. माझा हात वहीत रेंगाळला तेव्हा ‘जल्दी’ म्हणून ओरडलातही. असे पक्षी जास्त वेळ धरून ठेवले की त्यांच्या पायातलं बळ जातं, सोडल्यावर उभंच राहता येत नाही. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलंय. तुम्ही म्हणायचात, ‘बैठ गया।’ आपला बसला नाही. चिखलावर ठेवल्यावर क्षणभर थांबला आणि समुद्राच्या बाजूला अंधारात गेला, पायातल्या कडीवर मुंबईचा पत्ता घेऊन.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तुम्ही बिहारमधल्या गावाच्या गोष्टी सांगितल्यात. वडील लासा, म्हणजे चिकट डिंक, लावलेल्या बांबूने पक्षी धरून बाजारात विकायचे. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि पुढे मीरशिकारांचा, म्हणजे पक्षी धरणाऱ्या तुमच्या समाजाचा, धंदा गुन्हा ठरला. सलीम अलींनी 1959 मध्ये स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला, त्यात पक्षी धरायला तुमच्याच लोकांचे हात होते. कायद्याच्या बाजूने मी आहेच, पण तुमच्या वडिलांना त्यानंतर काय करावं लागलं ते ऐकल्यावर माझ्याच्याने बिस्किट गिळवेना.

आता मुद्द्यावर येतो. त्या रात्रीच्या माझ्या वहीत लिहिलंय : ‘ग्रेट नॉट, 1. जाळ्यातून काढला – मी.’ हे खोटं आहे. घरी येऊन चार मित्रांना ती पानं अभिमानाने दाखवली तेव्हाही मी गप्प बसलो. परवा ती ओळ खोडून तुमचं नाव लिहिलं, तारीख घालून. आधीच लिहायला हवं होतं. आभार त्या दोन मिनिटांचे, आणि माझं मनगट वेळेवर धरलंत त्याचे.

हल्ली नवीन मुलं जाळ्यावर येतात. मी त्यांनाही ‘पहले पैर’ असंच सांगतो. मराठी मुलांना हिंदीत का सांगतो, ते त्यांना कळत नाही.

दिवाळीनंतर येतो. तुमचा करडा मफलर अजून माझ्याकडेच आहे. चिखल धुतलाय, वास मात्र गेलेला नाही.

तुमचा
बाबू