दादाच्या लग्नातला तो फोटो काढून ठेवा

ताळगाव,
श्रावण, सोमवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हस्ताक्षराच्या बाबतीत बाबांनी शाळेत कुणाला सूट दिली नाही आणि घरातही नाही. तेव्हा टाइप केलेलं पत्र बघून आधी कपाळाला आठी पडणार, हे मला ठाऊक आहे. पण सकाळी दहापर्यंत माझ्या बोटांत पेन ठरत नाही, आणि रात्री बोटं मोकळी होतात तेव्हा मीच पेंगत असते. अक्षर मोठं ठेवलंय. आईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको, बाबांनीच वाचून दाखवावं. वाचताना मधलं काही गाळायचं नाही.

हे फोनवर बोलून होत नाही. वजनाचा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा ‘तुझं तुला कळतं’ म्हणून फोन तिच्या हातात देतात. तुमचं मार्दोळ इथून काही लांब नाही, पण समोरासमोर तर त्याहून कठीण. म्हणून पत्र.

मागच्या पिशवीत नारळांच्या खाली दोन वस्तू सापडल्या. स्टिरॉइड सोडा आणि संधिवात मुळापासून घालवा, असं सांगणारं बाबांनी कापलेलं कात्रण आणि आईने कुणाकडून तरी आणलेली काढ्याची पुडी. दोन्हीमागची काळजी पोचली. पण गोळ्या मी सोडणार नाही. बारीक होण्यासाठी तर मुळीच नाही.

बाबा, तुम्हाला सनावळी लागते, म्हणून तिथूनच सांगते. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी आमवाताने, म्हणजे माझ्याच आजाराने, जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. जिला धड हलता येत नव्हतं ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच आणि आणखी दोघांना नोबेल मिळालं. पुढे लोकांचे चेहरे सुजायला लागले, साखर वाढायला लागली, हाडं ठिसूळ व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरही सावध झाले. म्हणजे तुमच्या कात्रणवाल्याला कळलंय ते वैद्यकाला सत्तर वर्षांपासून माहीत आहे. त्याने फक्त अर्धीच गोष्ट सांगितली.

उरलेली अर्धी अशी. याच जातीचं रसायन आपल्या शरीरातही रोज तयार होतं, मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींमध्ये. बाहेरून गोळी येत राहिली की त्या ग्रंथी सुस्तावतात. मग गोळी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून ती हळूहळू उतरवतात. माझी १५ मिलिग्रॅमवरून ५ वर आली आहे. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही विचारता ते काट्यावरचा आकडा किती आला, एवढंच.

माझं मुख्य औषध वेगळंच आहे, मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून गोळ्यांची डबी मी दुसऱ्या कुणाला भरू देत नाही. शनिवारी रात्री घेते आणि रविवार मळमळण्यात जातो. रविवारी जेवायला यायचं मी टाळते ते यामुळे. शेजारच्या काकीचा फेणीचा सल्लाही ऐकला. गुडघ्याला चोळायला हरकत नाही, पण उरलेली पोटात घाल म्हणते ते मला चालणार नाही. या औषधाने यकृताला आधीच पुरेसं काम लावलंय, ते ठीक चाललंय ना हे बघायला मला नेमाने रक्त तपासावं लागतं.

आता आई, तुझ्यासाठी.

शोकेसमध्ये दादाच्या लग्नातला माझा फोटो आहे. मोरपंखी साडी, गळ्यात आजीची मोहनमाळ. घरी कुणीही आलं की तू तो दाखवतेस आणि म्हणतेस, ‘आमची बाय अशी होती.’ तेव्हा मी ४७ किलो होते. त्या दिवशी माझी वेणी तू घातली होतीस, आठवतं? माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ब्लाउजचे हूक तू लावलेस. जेवताना पाण्याच्या बाटलीचं झाकण दादाच्या मेहुण्याने उघडून दिलं आणि मी हसून वेळ मारून नेली. आजाराचं नाव अजून कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या आत सांधे सुजत होते, अन्न जात नव्हतं, दंड-मांड्यांचं मांस झिजत होतं. या आजाराची ती रीतच आहे. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि त्या दाहात स्नायूही खर्ची पडतात. आणि त्याच मांडवात धाकटी मावशी मला कोपऱ्यात घेऊन विचारत होती, ‘कसलं डाएट केलंस गो? मला पण सांग.’

माझ्या रूपाची आजवर झालेली सगळी वाहवा मी सगळ्यात जास्त आजारी होते त्याच काळातली आहे. आज मी ७१ किलो आहे आणि वेणी माझी मी घालते. तुला यातली कुठली मुलगी हवी, असं मी विचारत नाही, उत्तर मला माहीत आहे. पण तो फोटो काढून ठेव. शिगम्यातला एक आहे बघ, दादाच्या पोरीला उचलून घेतलेला, माझी हनुवटी दुहेरी दिसते तो. तो लाव. तिला उचलू शकले याचा मला केवढा आनंद झाला होता ते त्यात दिसतं.

जाड माणूस आजारी असू शकतो हे लोकांना पटत नाही. त्यांच्या लेखी आजारी म्हणजे गालफडं बसलेला. कदंब बसमध्ये मी दांड्याला मनगट अडकवून उभी असते, बोटांनी धरवत नाही म्हणून, तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही की हिला बसू द्यावं. उलट हिला उभं राहिलेलंच बरं, असं वाटत असेल. निदान व्हायच्या आधी एका दवाखान्यात तर मला सांगितलं होतं की सांधे दुखतात ते अंगात ताकद नाही म्हणून, चार घास जास्त खा. आता दुसऱ्या एका ठिकाणी म्हणाले, सांधे दुखतात ते वजनामुळे, चार घास कमी खा. हसावं की रडावं?

भुकेबद्दलही सांगायलाच हवं, कारण बाबांचा जिभेवर ताबा ठेवण्याचा उपदेश तिथेच येऊन आपटतो. ही जिभेची भूक नाही. गोळी १५ ची होती तेव्हा जेवून उठल्यावर अर्ध्या तासात पोटात आग पडायची. रात्री उठून मी कालचं शीत दह्यात कालवून उभ्या-उभ्या खात असे, आणि ते गोडही लागत नसे. त्यात हे औषध अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि चरबी वाटताना पक्षपात करतं. हातपाय तसेच, पण गाल, पोट आणि मानेमागे साठवण. गोळी कमी झाली तशी ती आग विझली, पण चढलेलं वजन आपण होऊन उतरत नाही. आई, सोमवार धरायचा तुझा सल्लाही म्हणूनच बाजूला ठेवला. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते. महादेव समजून घेईल, तूही घे.

बाबा, तुमची साखर निघाल्यावर तुम्ही मंगेशीपर्यंत चालायला लागलात, रात्रीचा भात सोडलात आणि पँटा आल्टर करून घेतल्यात. मला त्याचं खरोखर कौतुक आहे. पण ‘मी या वयात करू शकतो तर तू का नाही’ हे वाक्य आता पुरे. तुमच्या आजारात चाललं की साखर उतरते, आणि चाललात म्हणून दुसऱ्या दिवशी शिक्षा होत नाही. माझ्याकडे चांगले आठवडे असतात आणि सुजेचे आठवडे असतात. चांगल्या आठवड्यात व्यायाम हवाच, नाही केला तर सांधे आणखी आखडतात. सुजेच्या आठवड्यात त्याच सांध्याला विश्रांती द्यावी लागते. कमावलेलं सगळं तेव्हा जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला हा आळस दिसतो.

वजन उतरवायची गरज नाही, असं मात्र मी म्हणत नाही. असं म्हणाले तर ते खोटं होईल. आपल्या घरात मधुमेह आहे, त्यावर स्टिरॉइड, आणि त्यावर हे पोट. आपल्या लोकांत बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर काळजी करायला लागतात, माझी बरीच पुढे आहे. गुडघ्यांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. बांबोळीच्या माझ्या डॉक्टरबाई म्हणतात, आधी फक्त ३-४ किलोंचं बघ, ४७ चं नाव काढू नकोस. म्हणजे पावलागणिक १२ ते १६ किलो. मला हा हिशोब आवडला. आरशापेक्षा गुडघ्याशी केलेला सौदा बरा.

दादा सुचवतो ते आठवड्याचं इंजेक्शनही मी विचारून झालंय. मुळात मधुमेहासाठी आलं, आता वजनासाठीही देतात. त्यानेही मळमळतं, आणि माझा रविवार तसाही त्यातच जातो. शिवाय बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. सध्या नको, असं बाईंनी आणि मी मिळून ठरवलंय.

चाललंय ते असं. कांपालच्या तरणतलावावर जाते, संध्याकाळी, कारण सकाळी अंग लाकूड झालेलं असतं. माझ्या मापाचा पोहण्याचा पोशाख मिळवायला पणजीतली दुकानं पालथी घातली आणि पहिल्या दिवशी टॉवेल गुंडाळून पाण्याच्या काठापर्यंत गेले. आजूबाजूला सगळी शाळकरी पोरं. पण पाण्यात उतरल्यावर गुडघ्यांवरचं ओझं गेलं आणि मी कितीतरी काळाने भराभर चालले, छातीएवढ्या पाण्यात का होईना. पोहत फारशी नाही, चालते. घरी फिजिओने दिलेले रबरी पट्टे आहेत आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचा व्यायाम आहे, कारण झिजलेलं मांस परत भरायचं तर नुसतं कमी खाऊन भागत नाही. ताटात उकड्या तांदळाचं शीत आहेच, फक्त आधी मासळी आणि मुगागाठी वाढून घेते आणि शीत शेवटी.

आणि खारं बंद. आई, हे तुला सगळ्यात जड जाईल. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून तू मे महिन्यातच पुरुमेंतात, पावसाळ्याच्या बेगमीत, माझा वाटा काढून ठेवतेस. खारे बांगडे, सुकी सुंगटं, वर तोरांचं लोणचं. सुक्या सुंगटांची किसमूर तुझ्या हातची असली तर मी नाही म्हणूच शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घोट्यात बोट रुतेल एवढी सूज असते. तू प्रेमाने वाढतेस आणि मग ‘केवढी सुजलीस’ म्हणून डोळ्याला पदर लावतेस. आमच्या वेळी रगड्यावर वाटायचो म्हणून अंग धरत नव्हतं, असंही म्हणतेस. ते खरं असेल. पण माझ्या मनगटाने रगडा फिरणार नाही, मिक्सरचं झाकणसुद्धा तुमचा जावई उघडून देतो.

सध्या काटा किंचित खाली सरकलाय. किती, ते सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या फोनला ‘आणखी किती?’ येणार. त्याऐवजी सकाळी किती वाजता मूठ वळली ते विचारत जा. पूर्वी अकरा वाजायचे, आता कधी कधी साडेनऊ.

आता गणपतीचं, चवथीचं बोलू. मी आदल्या दिवशी दुपारी येईन. गणपतीवरची माटोळी बांधायला मला खुर्ची लागेल. फळं आणि आंब्याचे टाळे हातात देत बसेन, वर चढून बांधायचं दादाने. नेवऱ्या तळताना मला चुलीपुढे बोलावू नकोस, सारण भरून देईन. खायला दोन दे. निघताना डबा भरून देऊ नकोस, दिलास तर मी तो वाट वाकडी करून फोंड्याला दादाकडे ठेवून जाईन आणि वहिनी तुझ्यावर रागावेल. पाहुणे आले की धाकटी मावशी पहिलं वाक्य माझ्या अंगावरच टाकणार. तेव्हा आई, तू ‘औषधाने झालंय हो’ अशी माझी बाजू मांडू नकोस. बाबा, तुम्ही लगेच पावसाचा विषय काढा, नाहीतर यंदाच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याचा. त्यावर तुम्ही अर्धा तास सहज बोलू शकता, मी ऐकलंय.

बाबांच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला असेल तर त्याचा फोटो पाठवा, नुसतं ‘ठीक आहे’ नको. मासेमारी आता सुरू झाली आहे, तेव्हा मार्दोळच्या बाजारात ताजे बांगडे आले की माझ्यासाठी सहा घेऊन ठेवा, चवथीआधी एका संध्याकाळी येऊन नेते. मीठ लावू नका.

तुमची,
बाय